शिंपीकाकांच्या वहीतली माझी मान

पॅन्ट शिवताना शिंपी कमरेत माया ठेवतो, हे सगळ्यांना माहितीये. दोन इंच कापड आत दुमडलेलं असतं, पोट सुटलं की उसवायचं आणि परत शिवायचं, दोन-चार वर्षं निघतात. पण शर्टाच्या कॉलरला माया नसते. कॉलर ज्या मापाची शिवली त्याच मापाची राहते. त्यामुळे आमचे शिंपीकाका (साताऱ्यात मोती चौकाजवळ दुकान, माझा शाळेचा गणवेश पण त्यांनीच शिवलेला) पॅन्टच्या वेळी कधीकधी जुन्या मापावर भागवतात, पण मानेला टेप लावल्याशिवाय शर्ट कापत नाहीत. आणि ते सगळं एका जाड वहीत लिहून ठेवतात. त्या वहीत माझी वीस वर्षांची मान आहे.

२००३, लग्नाचा शर्ट, कॉलर १५. २००९ ला साडेपंधरा. २०१४ ला १६. २०१९ ला पावणेसतरा. आणि २०२३ च्या दिवाळीला साडेसतरा. तेव्हा काका टेप गळ्यात टाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "अरे, पोट वाढतं सगळ्यांचं, तुझी मान कशी काय वाढायला लागली?" मी हसलो. म्हणलं काका बँकेत बसून बसून. ते म्हणाले बँकेतले बाकीचे पण माझ्याकडेच येतात.

तर हा लेख त्या मानेबद्दल आहे, आणि घोरण्याबद्दल, त्यामागच्या स्लीप ॲपनियाबद्दल (झोपेत श्वास परत परत अडकायचं दुखणं), आणि मी खातापिता सुखवस्तू दिसत असून कागदावर कुपोषित कसा निघालो त्याबद्दल.

घोरणं आमच्या घरात नवीन नाही. वडील घोरायचे तर वाड्यातले शेजारी सकाळी सांगायचे की काल जरा कमी होतं. आणि सगळे म्हणायचे की गाढ झोप लागते यांना, नशीबवान माणूस. आता कळतंय की ती गाढ झोप नव्हतीच, तो माणूस रात्रभर श्वासासाठी मारामारी करत होता आणि दुपारी पेपर तोंडावर घेऊन ती रात्र भरून काढत होता. असो.

माझं सुरुवातीला असंच चाललं होतं, बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली, मी त्यावर विनोद करायचो, मग ऑफिसमध्ये दुपारी जेवण झालं की समोर कस्टमर बसलेला असताना डोळे मिटायला लागले, मग एकदा पोवई नाक्यावर सिग्नलला गाडी थांबलेली असताना, म्हणजे पाय खाली टेकलेले, मागचा हॉर्न वाजवतोय आणि मी उठतोय. तेव्हा घाबरलो. सकाळी उठल्यावर तोंड कोरडं, डोकं जड, रात्री दोनतीन वेळा लघवीला उठणं, बीपीची गोळी सुरू झाली होती ती एकाची दोन झाली. हे सगळं एकाच गोष्टीचं असेल असं डोक्यातच आलं नाही, वय झालं म्हणायचं आणि पुढं चालायचं.

शेवटी बायकोनं एका रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढला. सकाळी चहाबरोबर दाखवला. मी घोरतोय, घोरतोय, आणि एकदम शांत. छाती हलतीये पण आवाज नाही. मागून तिचा आवाज येतो, हळू आवाजात मोजतीये, एक, दोन, तीन… सव्वीसवर मी एकदम गचका देऊन श्वास ओढला. ती म्हणाली, "अहो, मी रोज मोजते. एकदा चाळीसच्या पुढे गेलं तेव्हा तुम्हाला हलवलं, तुम्ही माझ्यावरच ओरडलात." काय बोलणार.

आता गंमत बघा. आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो (नाव कशाला) त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, ७७ किलो ५००, उंची १६८ सेंटीमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) साडेसत्तावीस. म्हणाले तसं काही फार वजन नाहीये तुमचं, स्लीप ॲपनिया जाड लोकांना होतो, शंभर-सव्वाशे किलोवाल्यांना, तुम्ही टेन्शन कमी करा आणि रात्री लवकर झोपा. मी खूश होऊन कंदी पेढे घेऊन घरी आलो. सहा महिने त्यात गेले.

नंतर पुण्याला एका छातीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वजन नंतर घेतलं, पहिल्यांदा ड्रॉवरमधून इंच टेप काढला. मी मनात म्हणलं अरे हे तर शिंपीकाका. मान सरळ, नजर समोर, कंठमण्याच्या जरा खाली टेप, घट्ट ओढायचा नाही. सतरा इंच. (शिंपी कॉलरला अर्धा इंच सैल सोडतो, म्हणून काकांच्या वहीत साडेसतरा, हिशोब बरोबर लागला.) त्या म्हणाल्या पुरुषात सतरा आणि बाईत सोळा इंचाच्या आसपास मान गेली आणि बरोबर घोरणं असेल तर आम्ही कान टवकारतो. मग कंबर. कंबर म्हणजे पॅन्टचा पट्टा बांधतो ती नाही बरं का, पट्टा आपण सगळे पोटाच्या खाली बांधतो आणि ३४ ची पॅन्ट येते म्हणून मिरवतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्हीच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर. १०२ सेंटीमीटर, म्हणजे चाळीस इंच. भारतीय पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. मी पॅन्ट ३६ ची घालत होतो!

मग एक आठ प्रश्नांचा फॉर्म. हा टोरँटोच्या डॉक्टर फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या टीमनं २००८ च्या सुमाराला काढलेला आहे, मूळ ऑपरेशनच्या आधी भूल द्यायच्या पेशंटसाठी, स्टॉप-बँग म्हणतात. जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर का, वय ५० च्या वर का, मान जाड का, आणि पुरुष का. मला आठपैकी सहा. फक्त बीएमआय आणि वय यात सुटलो. वय तेव्हा ४७, ते काय तीन वर्षांत येणारच होतं. पण बीएमआयचं बघा, माझ्या उंचीला ३५ बीएमआय म्हणजे जवळजवळ ९९ किलो वजन पाहिजे. मी तिथपर्यंत पोचायच्या आधीच बायकोची मोजणी कुठं गेली असती कुणास ठाऊक.

आणि इथंच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बीएमआय ही कल्पना बेल्जियमच्या केटेले नावाच्या गणितज्ञाची, एकोणिसाव्या शतकातली, तो डॉक्टर नव्हता, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते काढायचं होतं. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी दिलं. लाखभर लोकांचा अंदाज घ्यायला ते ठीक आहे, पण एका माणसाच्या ७७ किलोत चरबी किती, स्नायू किती, आणि चरबी असली तर कुठं, हे त्याला काय कळणार? काट्याला पोतं आणि पैलवान सारखेच.

याच्यावर जगातलं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रोफेसर जॉन युडकिन. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या हिशोबात दोघंही फिट. पण मशीनमध्ये तपासलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह, आणि याची सुरुवात आईच्या पोटात असतानाच होते असं त्यांच्या टीमनं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन दाखवलंय, तिथली जन्मलेली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी पण चरबी मात्र त्या मानानं टिकवून धरलेली, कमी पडलेले असतात ते स्नायू आणि बाकीचे अवयव. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. त्या हिशोबात मी लठ्ठच होतो, आधीच्या डॉक्टरांनी गोऱ्यांचा तक्ता लावला होता.

आणि हे जाड लोकांचं दुखणं आहे, आपल्याकडे कुठं, असं वाटत असेल तर मुंबईचा अभ्यास बघा. डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्येच प्रसिद्ध केलेला, ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांवर. दर पाचातल्या जवळजवळ एकाला (१९.५ टक्के) झोपेत श्वास अडकायचा प्रकार होता, आणि त्याच्यासोबत दिवसा झोप येणारे साडेसात टक्के. तुमच्या ऑफिसमध्ये शंभर बाप्ये असतील तर सातआठ जण. आमच्या ब्रँचमध्ये मी आणि शिपाईमामा, आमची टक्केवारी जरा जास्तच आहे.

स्लीप स्टडीची रात्र. हॉस्पिटलची खोली, डोक्याला वायरी, त्या चिकटवायला पेस्ट, नाकात नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, पायाला पण वायर. टेक्निशियन पोरगा म्हणतो, "काका, आता नॉर्मल झोपा." नॉर्मल! मला वाटलं झोपच येणार नाही, पण चार मिनिटांत झोपलो म्हणे, तो म्हणाला हाच पहिला रिपोर्ट समजा. डोक्यातली पेस्ट दोन दिवस निघत नव्हती ते सोडा.

रिपोर्टमध्ये एएचआय ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास एकतर पूर्ण थांबला किंवा अर्धवट झाला, आणि दर वेळी कमीत कमी दहा सेकंद, त्याच्याखालचं मोजतच नाहीत. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, ३० च्या वर तीव्र. साडेसहा तास झोपलो होतो, म्हणजे रात्रीत जवळपास अडीचशे वेळा. सगळ्यात लांब थांबा ५२ सेकंद. ऑक्सिजन एकदा ७६ वर. कोविडमध्ये ९० च्या खाली गेलं की आपण बेडसाठी फोन फिरवायचो, आणि मी रोज रात्री ७६ ला जाऊन सकाळी पोहे खाऊन ब्रँच उघडत होतो.

हे होतं कसं? घशाची नळी म्हणजे पाण्याच्या पाईपसारखी कडक नाही, तिला बाजूनं हाडाचा आधार नाही, स्नायूंनी धरून ठेवलेली असते. जागेपणी स्नायू ताठ. झोपलो की सैल. आता नळीच्या भोवती चरबी साठलेली असेल तर बाहेरून दाब, म्हणून मान मोजायची. जिभेत पण चरबी साठते, हे मला माहितीच नव्हतं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरआय करून बघितलंय की वजन उतरल्यावर ॲपनिया कमी होतो त्याचं मोठं कारण जिभेतली चरबी कमी होणं हे आहे. जीभ बारीक करायचा व्यायाम विचारू नका. आणि पोट? पोटाचा घशाशी काय संबंध असं मी विचारलं. तर आडवं झाल्यावर पोटातली चरबी छाती आणि पोटाच्या मधला पडदा वर ढकलते, फुप्फुसं लहान होतात, आणि फुप्फुसं खाली असताना श्वासनळीला जो खालून ताण असतो, तंबूच्या दोरीसारखा, तो ढिला पडतो. दोरी ढिली, तंबू बसला. म्हणजे माझी कंबर माझा गळा दाबत होती असं म्हणायला हरकत नाही.

अजून एक प्रकार आहे तो घरी करून बघण्यासारखा. दिवसभर खुर्चीत बसलं की पायात पाणी उतरतं, मोज्याची खूण उमटते ना, तेच. रात्री आडवे झालो की ते पाणी वर सरकतं आणि थोडं मानेत पण जातं. मी टेप आणून आठवडाभर मोजलं, झोपताना आणि उठल्याबरोबर. सकाळी मान जवळजवळ अर्धा सेंटीमीटर जास्त भरायची. बायको म्हणाली आता हे एक नवीन. पण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं म्हणून त्या दिवसापासून जेवताना पापड आणि लोणचं दोन्ही घेणं बंद केलं, एकच.

जाडी नसताना पण हे होतं बरं का. माझ्या शेजारच्या खोलीत त्या रात्री एक पंचविशीतला मुलगा होता, काडीपहिलवान, हनुवटी मागे गेलेली, जबडा लहान, तेवढ्या जागेत जीभ मावणार कुठं. आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं, पण त्या घोरतात असं कुणी सांगत नाही, त्या स्वतः तर नाहीच, त्या डॉक्टरला सांगतात की झोप लागत नाही, थकवा आहे, सकाळी डोकं दुखतं, आणि मग रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन घरी येतात. माझ्या ताईची मान चौदा इंच आहे आणि तिला पण ॲपनिया निघालाच.

आणि लहान मुलांमध्ये तर सगळं उलटं! माझा भाचा, सहा वर्षांचा, वजन १५ किलो, तोंड उघडं ठेवून झोपायचा, घामाघूम. बहीण त्याच्या मागं वाटी घेऊन फिरायची. टॉन्सिल आणि ॲडिनॉईड (नाकाच्या मागच्या गाठी) एवढे मोठे की रात्रभर श्वास ओढण्यातच ताकद जायची, गिळताना त्रास म्हणून खाणं कमी, आणि वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सुटतं ती गाढ झोपच नाही. ऑपरेशन झाल्यावर वर्षात गाल वर आले पोराचे. म्हणजे एकच दुखणं, मामा फुगलेला आणि भाचा वाळलेला. तुमच्या घरात एखादं पोरगं रोज घोरत असेल आणि अंगाला लागत नसेल तर च्यवनप्राशच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, एवढं ऐका.

आता कुपोषण.

डॉक्टरबाईंनी मला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. तिथं परत टेप! दंडाचा घेर, तळहाताची पकड बघायला एक चिमट्यासारखं यंत्र दाबायला दिलं, आणि एका मशीनवर अनवाणी उभं केलं. पकड आली २६ किलो. आशियाई पुरुषांना २८ च्या खाली म्हणजे कमजोर. मी म्हणलं परत घेतो, जोर लावतो, तीनदा घेतली, २६ च. अंगात चरबी ३३ टक्के, दंडाचे आणि मांड्यांचे स्नायू वयाच्या मानानं कमी. रक्तात डी जीवनसत्त्व ९ (वीसच्या खाली कमतरता), बी-१२ कमी, हिमोग्लोबिन १२.४, पुरुषात तेरा तरी पाहिजे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही लठ्ठ पण आहात आणि कुपोषित पण आहात." माझी आई शेजारी बसली होती, तिचा अपमान झाला. "माझ्या पोराला मी काय उपाशी ठेवलं का?" म्हणाली. तिला समजावताना मॅडमची अर्धी अपॉइंटमेंट संपली.

पण कालपासून काय काय खाल्लं ते सांगा म्हणाल्या तेव्हा माझं मलाच हसू आलं. सकाळी पोहे, चहा. अकराला चहा, बिस्किटं चार. दुपारी डब्यात चपात्या चार, बटाट्याची भाजी, भात आमटी. चारला चहा आणि भडंग. सातला कुणाच्या तरी सेंड-ऑफचा वडापाव. रात्री साडेनऊला चपाती, पिठलं, परत भात. घरात आजोबांपासून माळ आहे, त्यामुळे अंडं-मटण नाही, त्यात काही वाईट नाही, पण मग डाळ-कडधान्य-दूध यांनी ती जागा भरायला पाहिजे ना. आमची आमटी अशी की डाळ शोधायला दिवा लावावा लागेल. प्रोटीन भरलं दिवसाचं चाळीस ग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे, माझं जे वजन असायला पाहिजे ते बासष्ट किलो धरलं तरी पन्नासच्या वर जायला हवं. कॅलरी मात्र पोटभर, उलट चारपाचशे जास्तच.

यात ॲपनियाचा हात पण आहे असं त्यांनी समजावलं. झोप तुटली की भूक लावणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरलं हे सांगणाऱ्या लेप्टिनचं शरीर ऐकेनासं होतं. मग आपल्याला मटकीची उसळ खावीशी वाटत नाही, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, झोपमोड झालेल्या माणसाला कधी काकडी मागताना बघितलंय का? थकवा म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून स्नायू कमी आणि ऊन नाही, ऊन नाही म्हणून डी कमी. ॲपनियाच्या पेशंटांत डी कमी सापडतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण कशामुळे काय ते अजून नीट सुटलेलं नाही, चरबीत ते जीवनसत्त्व अडकून बसतं हे पण एक कारण. एकूण काय, जत्रेतल्या पाळण्यासारखं गोल गोल.

मशीन घेतलं. सीपॅप. हे मशीन १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी शोधलं, पहिलं मशीन घर झाडायच्या व्हॅक्युम क्लीनरची मोटर लावून केलेलं. करतं काय, तर नाकावाटे हवेचा दाब देऊन ती घशाची नळी आतून उघडी धरतं, बस. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली बाबा पायलट. दुसऱ्या आठवड्यात मला सकाळी जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, डोकं हलकं होतं. लघवीला उठलोच नव्हतो. बायको मुलीच्या खोलीतून परत आली, पण पहिले दोनतीन दिवस तिला झोप येईना, म्हणे फार शांत आहे, तुम्ही आहात का नाही ते सारखं हात लावून बघावं लागतं.

आता मला वाटलेलं की झोप सुधारली की वजन आपोआप उतरणार. तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो, ७९! दीड किलो वाढलं. मी डॉक्टरबाईंना फोन लावून भांडायच्या तयारीत. त्या म्हणाल्या होतं असं, बऱ्याच ट्रायल एकत्र करून बघितलंय, मशीन वापरणाऱ्यांचं वजन सरासरी अर्धा किलोच्या आसपास वाढतं, कारण रात्रभर श्वास ओढायला जी मेहनत जात होती ती बंद झाली. म्हणजे घोरायला पण कॅलरी लागत होत्या माझ्या. त्यांचं म्हणणं मशीन नळी उघडी ठेवतं, खाणं नाही बंद करत.

मग खाली उतरायला सुरुवात झाली, आणि ते कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो. चपात्या चारच्या दोन, आमटी घट्ट, रोज एक वाटी उसळ, मटकी, हुलगा, चवळी फिरवून, दुपारी ताकाऐवजी दही, रात्रीचं जेवण साडेसातला, डी आणि बी-१२ ची औषधं डॉक्टरांनी दिलेली, आणि सकाळी अजिंक्यतारा. पहिल्या दिवशी निम्म्यातून परत आलो. आता वर जाऊन कट्ट्यावर बसून शेंगदाणे खातो. मॅडमनी पाण्याच्या बाटल्या उचलायला लावल्या, डंबेल नको म्हणलं तर, कारण नुसतं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू पण जातात आणि माझ्याकडे जायला स्नायू नव्हतेच.

ऑफिसमध्ये आता दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, ते वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन घे ना. ते टिर्झेपाटाइड, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ लोकांच्या मध्यम आणि तीव्र ॲपनियासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि मार्च २०२५ पासून आपल्याकडे पण मिळायला लागलंय. चांगलं औषध असेल, नाही कशाला म्हणू. पण मला विचाराल तर ज्याची पकड २६ किलो आहे आणि आमटीत डाळ नाही त्याची भूक अजून मारून काय करणार? माझ्या डॉक्टरांनी तरी मला ते दिलं नाही. तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा, व्हॉट्सॲपवर नाही.

दीड वर्षात वजन ७१ वर आलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं लोकांना तपासून २००० साली प्रसिद्ध झालेला आकडा आहे की वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय सरासरी २६ टक्के उतरतो, आणि दहा टक्के वाढलं तर ३२ टक्के वाढतो. चढायला सोपं, उतरायला अवघड, तिथं पण. माझं जवळपास साडेआठ टक्के गेलंय आणि परत स्टडी केली, मशीनशिवाय, तर ३८ चे २४ झालेत. डॉक्टरबाई खूश, मी नाराज. मला वाटलं होतं मशीन सुटेल. २४ म्हणजे मध्यम, मशीन चालूच. पण पकड ३१ झाली, हिमोग्लोबिन साडेतेराच्या वर, कंबर ९३. नव्वद अजून लांब आहे. आई आता शेजारणींना सांगते की डॉक्टरनं माझ्या पोराला उसळ खायला सांगितली, मी तर लहानपणापासून सांगत होते.

परवा पुतण्याच्या लग्नाचा शर्ट-पॅन्ट टाकायला काकांकडे गेलो. आता त्यांना दिसायला कमी येतं, टेप नातू लावतो आणि ते वहीत लिहितात. मान सव्वासोळा, कॉलर पावणेसतरा. काकांनी वही डोळ्याजवळ नेऊन मागचं पान काढलं, परत पुढचं काढलं, नातवाला म्हणाले नीट लाव रे टेप, परत मोज. परत तेवढीच आली.

"चाळीस वर्षं मापं लिहितोय," काका म्हणाले, "मान कमी झालेली पहिल्यांदा लिहितोय." मग पॅन्टचं कापड हातात घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "कमरेत माया ठेवतो हां दोन इंच."

मी नको म्हणणार होतो. म्हणलं, "ठेवा काका. दोन नको, एकच ठेवा."